गरम नळाला टेप चालत नाही

गारखेड्यातल्या आमच्या गल्लीत कुणाच्याही घरी नळाचं काम निघालं की कुणीतरी हमखास बाहेर येऊन नळवाल्याला बजावतं, "गार पाण्याला लाव काय लावायची ती टेप. गरम नळाला टेप चालत नाही, जळते." टेप म्हणजे ती पांढरी, पातळ, नळाच्या आट्यांवर गुंडाळतात ती. नळवाले कधी वाद घालतात, कधी "बरं" म्हणून सफेद्याचा लेप आणि सूत यांवर काम उरकतात. शेजारच्या गल्लीत ही समजूत नाही. शहरात आणखी कुठं असेल असंही मला वाटत नाही. ती खास आमच्या गल्लीची आहे आणि ती माझ्या तोंडून निघालेल्या एका शब्दामुळे जन्माला आली. ते कसं झालं ते एकदा लिहून टाकायचं ठरवलं आहे.

माझं माहेर पाचोडचं. वडील तिथल्या शाळेत कारकून होते. लग्न होऊन मी या गल्लीत आले तेव्हा घरं नुकतीच उभी राहिली होती, अंगणाअंगणात वाळूचे ढीग होते. चिकलठाण्याचे कारखाने जोरात चालू होते, वाळूजकडे नवे उभे राहत होते आणि सकाळी कंपन्यांच्या बसगाड्या कोपऱ्यावरून माणसं उचलून नेत. सासरे सरकारी कचेरीत हेडक्लार्क. त्यांच्या वडिलांपर्यंत घरात उपाध्येपण होतं. सासऱ्यांनी ते सोडलं, पण सासूबाईंनी सोवळंओवळं सोडलं नव्हतं. गुलमंडीजवळच्या भाड्याच्या खोल्यांतून इथं येताना आम्ही देव आणि बंब तेवढे स्वतः उचलून आणले, बाकीचं सगळं गाडीवाल्यानं आणलं, असं त्या अभिमानानं सांगायच्या.

बंब तांब्याचा होता, मधे निखाऱ्यांची नळी, भोवती पाणी, खाली पितळी तोटी. तोटी बसवायचा गळा पूर्वी कधीतरी निखळला होता आणि गुलमंडीमागच्या तांबटानं त्याला कथलाचा डाग दिला होता. डाग देणं म्हणजे कथील वितळवून फुटकं भांडं सांधणं. तो डाग पक्का होता, पण तोटी आट्यांतून गळायची. मोरीत दिवसभर टपटप चालू असायची. नव्या सुनेनं सगळ्यांच्या आधी उठून बंब पेटवायचा ही घरची रीत होती. मी आपली मोरीच्या दारात उभी राहून कान द्यायची. टपटप ऐकू आली की बंबात पाणी आहे, घाला निखारे. झाकण उघडून आत पाहायची सवय मला लागलीच नाही. माझी आई म्हणायची तसं, आळशाला गंगा दूर.

गल्लीची नळाची कामं एक फिटर करायचे. चिकलठाण्याला कंपनीत देखभालीच्या खात्यात होते, रविवारी आमच्याकडची कामं घ्यायचे. घरात सगळे त्यांना अरेतुरे करत. ते माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे होते, म्हणून मी अहो म्हणायची. माझ्या हातून त्यांना मिळालेला मान एवढाच, आणि तोही फुकटचा. त्यांचा पाण्याचा पेला मोरीच्या खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा. तो वेगळा का, हे मी त्या घरात कधी विचारलं नाही, कारण पाचोडला आमच्या घरीही तसाच एक पेला होता.

तोटी पाहायला ते आले तेव्हा मी म्हटलं, "लई गळतंय हो."

ते हसले. "पाचोडकडच्या का, ताई?"

"कसं ओळखलं?"

"हितल्या बाया खूप गळतंय म्हणत्यात. आमचं गाव पाचोडपून चार कोसावर. बाजाराला यायचो मायसंगं. तिला तिथं पाणी वरून वतायचे वंजळीत. आता मी घरोघरी पाणी पोचवतो, बगा."

"गावी घर आहे का अजून?"

"व्हतं," ते म्हणाले. "नामांतराचा ठराव झाला त्या साली जाळलं."

त्यांनी तोटी खोलली, जुना सफेदा खरवडून काढला आणि खिशातून पांढऱ्या टेपचं रीळ काढलं. आमच्या घरात ती वस्तू पहिल्यांदाच आली होती. सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "प्लास्टिक दिसतंय. उकळत्या पाण्यात वितळून आंघोळीच्या पाण्यात उतरायचं."

"नाय उतरत, आजी. कंपनीत वाफेच्या लायनीला हीच लावतो आमी. उकळतं पाणी म्हंजी हिला काहीच नाय. फकस्त उघड्या जाळावर धरायची नाय, तवा तिचा धूर वाईट." सासूबाईंना मात्र रीळ आवडलं असावं, कारण त्यांनी लगेच विचारलं, कुकरची शिट्टी ढिली झाली आहे, तिला दोन वेढे दिले तर चालतील का. ते गंभीर झाले. "नाय नाय. तिथून वाफ सुटायलाच पायजे. आन् शेगडीच्या बर्नरलाबी लावू नका, तिथं जाळ असतो." मग त्यांनी आट्यांवर टेप ताणून, आट्यांच्याच दिशेनं गुंडाळली, तोटी घट्ट बसवली आणि बंब भरायला लावला. टपटप थांबली. मोरी एवढी शांत झाली की मला चुकल्यासारखं वाटलं.

त्या दिवसांत नामांतराचा विषय पुन्हा पेटला होता. रोज कुठे ना कुठे मोर्चा, कुठे बंद. सासरे वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत आणि मधे थांबून म्हणत, "विद्यापीठाचं नाव बदलून कुणाचं पोट भरणार आहे?" सासरे वाईट होते असं मी म्हणणार नाही. नात्यातल्या कितीतरी जणांच्या शिक्षणासाठी त्यांनी खस्ता खाल्ल्या होत्या. पण एका संध्याकाळी कचेरीतून येताना त्यांना मोर्चात आमचे फिटर दिसले, पहिल्या रांगेत. तोवर घरात "आपला फिटर" म्हणत. त्या संध्याकाळपासून सासऱ्यांच्या तोंडी "त्यांच्यातला तो" आलं, आणि दोन दिवसांत ते माझ्याही तोंडी बसलं.

मग पितृपक्ष आला. आजेसासऱ्यांचं श्राद्ध होतं. माझे यजमान बदलीच्या गावी होते, त्यांना रजा मिळाली नव्हती. आदल्या संध्याकाळी सासूबाईंनी बंब रिकामा करून चिंचेनं लखलखीत घासला आणि कोरडाच जागेवर ठेवला, कारण पाणी सकाळी सोवळ्यात भरायचं होतं. त्यांनी मला हे सांगितलं होतं की नाही, ते मला आठवत नाही. खरं सांगायचं तर सांगितलं असावं.

सकाळी मी मोरीच्या दारात उभी राहिले. टपटप नव्हती. पण टेप लावल्यापासून ती नव्हतीच. मी निखारे घातले, वर चिपाड टाकलं आणि स्वयंपाकघरात गेले.

थोड्या वेळानं तापल्या धातूचा उग्र वास आला. मोरीत आले तर माझ्या डोळ्यांसमोर तोटी हळूच कलली, गळ्यासकट सुटली आणि खाली फरशीवर खणकन पडली. तेव्हा मला कळलं. मी घाबरून शेजारची घागर उचलली आणि वरून सगळी ओतली. एकच चर्र झालं, मोरी वाफेनं भरली, भोकातून राखाडी पाणी भळभळा बाहेर आलं. मी दुसरीही घागर ओतली. ती का ओतली हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. पहिली घाबरून ओतली होती. दुसरी ओतताना मला थोडं थोडं कळत होतं की ओल्या मोरीत कुणाला कोरडा बंब दिसणार नाही.

सासरे धावत आले. त्यांना दिसलं ते असं: मोरीभर पाणी आणि निखळलेली तोटी. "वितळली टेप," ते म्हणाले. "मी म्हणतच होतो." म्हणत होत्या त्या सासूबाई, पण ते असो. गुरुजी दारात, आंघोळीला गरम पाणी नाही, सोवळं मोडलेलं. त्या दिवशी दुपारपर्यंत गल्लीत बातमी गेली की फिटरनं लावलेली टेप जळून बंब फुटला, सूनबाई भाजता भाजता वाचली. संध्याकाळपर्यंत तिच्यात आणखी भर पडली. मोर्चात दिसला होता म्हणे, मुद्दाम ढिली लावली असेल.

रविवारी ते आले. सासऱ्यांनी निरोप धाडून बोलावलं होतं. दोन-चार शेजारी दारात येऊन उभे राहिले. फिटर मोरीत उकिडवे बसले, बंब आडवा केला, नळीतली राख चाळून पाहिली, खालच्या फटीत बोट घातलं आणि तळहातावर काहीतरी घेऊन उजेडात आले. बाजरीएवढे पांढरट मणी होते.

"कथील हाय, साहेब. तोटी आट्यांतून सुटलीच नाय, ही बगा, गळ्यासकट आलीया. डाग सुटला. बंबात पाणी आसताना कथील पाघळत नसतं. कोरडा पेटला बंब."

"म्हणजे आमच्या घरातली माणसं खोटं बोलतात?"

"तसं नाय म्हणलो. ही तोटी हितंच खोलून दावतो. आतली टेप जशीच्या तशी निघंल."

"काही खोलायचं नाही. ठेव ती खाली. टेप जळली हे आंधळ्यालाही दिसतंय."

फिटर उभे राहिले. आवाज चढवला नाही. "साहेब, जळालेलं मी पाह्यलंय," ते म्हणाले. "हे जळालेलं नाय."

सासऱ्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी मागे वळून मला हाक मारली. मी स्वयंपाकघराच्या दाराआड होते, पदर सावरत बाहेर आले.

"सूनबाई, बंब भरलेला होता ना?"

फिटर माझ्याकडे बघत होते. मी पाचोडची आहे, मी त्यांना अहो म्हणते, एवढ्यावरच त्यांची सगळी भिस्त असावी. मी सासऱ्यांकडे पाहिलं, दारातल्या शेजाऱ्यांकडे पाहिलं. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. श्राद्धाच्या दिवशी पिढीजात बंब जाळणारी सून म्हणून उभा जन्म टोमणे खावे लागतील, अशी भीती होती.

"होता," मी म्हटलं.

त्यांनी मान खाली घातली, ते मणी कोनाड्यात ठेवले, हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि गेले. जाताना माझ्याकडे पाहिलं नाही. मला त्या क्षणी हायसं वाटलं, हे लिहायची आजही लाज वाटते, पण वाटलं होतं खरं.

त्या वर्षी गल्लीतल्या सगळ्या घरांवर पाण्याच्या टाक्या बसायच्या होत्या, घरोघर नळ न्यायचे होते. ते सगळं काम त्यांच्या हातात येणार होतं. ते दुसऱ्याला गेलं, आणि नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावलं गेलं की गरम नळाला टेप नको. एका गल्लीचं काम गेलं म्हणून कुणी उपाशी मरत नाही, असं मी मनाला समजावत असे. पण त्यांचं काम गेलं होतं ते "याचं काम खोटं" म्हणून गेलं होतं. हातच्या कामावर ज्याचं नाव आहे अशा माणसाचं याहून जास्त काय जातं, ते मला माहीत नाही.

बंब माळ्यावर गेला. तोटी सासऱ्यांनी दोरीनं त्याला बांधून ठेवली. वर्षं गेली. विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला, जुन्या नावाला नवं नाव जोडलं गेलं. शहरात पेढे वाटले गेले, कुठे दारं लावून घेतली गेली. आमच्या घरात त्या दिवशी कुणी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचलं नाही.

त्याच सुमारास माळा आवरताना बंब खाली आला. मोडीत देण्याआधी एकदा दाखवावा म्हणून मी तो रिक्षात घालून गुलमंडीमागच्या तांबटाकडे नेला. त्यानं तोटी शिकंज्यात धरली, पान्यानं गळ्यातून फिरवून काढली आणि सहज म्हणाला, "कुणीतरी कोरडा पेटवलेला दिसतोय." आट्यांवर टेप होती, पांढरी. कडेला जरा करडी झालेली, पण अखंड. मी ती हळूहळू सोडवली. वीतभर लांब निघाली. मी तिथंच त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून रडले. तांबटाला वाटलं, बंबासाठीच रडते आहे. तो म्हणाला, "माई, करून देतो ना नवा डाग."

फिटरांचा पत्ता मिळायला फार वेळ लागला नाही. मी शोधत नव्हते तोवरच ते अवघड होतं. कंपनी सोडून त्यांनी रेल्वेरुळापलीकडे नळसामानाचं छोटं दुकान टाकलं होतं. केस पांढरे झाले होते. मी ओळख दिली, रुमालातली टेप काउंटरवर ठेवली आणि एका दमात सगळं सांगितलं, दुसऱ्या घागरीसकट.

त्यांनी टेप बोटांत घेऊन चोळून पाहिली. मग पेला भरून पाणी माझ्यापुढे ठेवलं. मी प्यायले. त्यात माझा काही मोठेपणा नव्हता, मला खरोखरच तहान लागली होती.

"हे मला कशाला सांगता, ताई?" ते म्हणाले. रागानं नाही म्हणाले, म्हणून जास्त लागलं. "मला त्याच दिवशी ठावं व्हतं. ज्यांना ठावं नाय त्यांना सांगा."

मी "हो" म्हणून आले. आणि सांगितलं नाही. सासरे थकले होते, ओसरीत खुर्चीवर बसून असत, या वयात त्यांना कशाला, असं म्हणत वर्षं काढली. ते गेले. मग सासूबाई होत्या. त्याही गेल्या. मग मला एकही कारण उरलं नाही, तरी मी गप्पच होते. गप्प बसायला कारण लागतं असं मला उगाचच वाटत होतं.

गेल्या वर्षी शेजारच्या घरी गच्चीवर सौर बंब बसत होता. नळवाला अंगणात आट्यांवर टेप गुंडाळत होता, तेवढ्यात शेजारची सून लगबगीनं बाहेर आली. "अहो, गरम नळाला टेप नको! जळते." नळवाला वैतागून म्हणाला, "ताई, कोण म्हणलं तुम्हाला?" तिनं कुंपणापलीकडे मला पाहिलं आणि मोठ्यानं विचारलं, "यांच्याकडेच जळली होती ना! हो ना हो, काकू? बंब भरलेला होता आणि टेप जळली होती ना?"

तोच प्रश्न. या खेपेला विचारणारी माझ्या लेकीच्या वयाची होती.

"नव्हता," मी म्हटलं. "बंब कोरडा होता. मी पेटवला होता. टेपला काही झालं नव्हतं. मी खोटं बोलले होते."

ती हसली, कारण तिला वाटलं मी थट्टा करते आहे. मग तिची सासू बाहेर आली, समोरचे आजोबा फाटकाशी थबकले. मी पुन्हा सगळं सांगितलं. कुणीतरी विचारलं, कोण हो तो फिटर? या लिखाणात मी कुणाचंच नाव घातलेलं नाही, त्यांचंही घालत नाही, पण त्या दिवशी गल्लीत उभं राहून पूर्ण सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. आडनाव ऐकून समोरचे आजोबा "बरं बरं, झालं ते झालं" म्हणत आत गेले. नळवाल्यानं टेप गुंडाळायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी रेल्वेरुळापलीकडे गेले. सांगितलं, एवढं त्यांना सांगायचं होतं. दुकान तेच होतं, मोठं झालेलं. भिंतीवर त्यांचा फोटो होता, फोटोला हार. काउंटरवर त्यांची मुलगी होती. दोन वर्षं झाली, ती म्हणाली. माझी ओळख काय सांगावी ते मला कळेना, म्हणून म्हटलं, मी गारखेड्याहून आले, आणि गल्लीचं नाव सांगितलं.

"त्या गल्लीतून?" ती नवलानं म्हणाली. "बाबा तिथलं काम कधीच घेत नव्हते. कितीही मोठं असू द्या. आम्ही का म्हणून विचारलं की हसायचे, म्हणायचे, तिथं आपली टेप चालत नाही."

तिनं मला काय हवं म्हणून विचारलं. मी टेपचं एक रीळ मागितलं.